मावशींनी रिकामी केलेली खुर्ची

जुळ्या मुली चार वर्षांच्या झाल्या तरी सलूनवाल्याचं डोकं काही थंड होत नव्हतं. सात मिनिटांनी मोठी असलेली थोरली दादागिरी करायची, धाकटी तिला चावून उत्तर द्यायची. बायको कारखान्यात पहाटेच्या पाळीला, त्यामुळे आंघोळी, वेण्या, शाळा सगळं याच्याच गळ्यात. दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून घरी आला की तो मुलींवर कडाडायचा. त्या दचकल्या की मग त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी धाकटीने थोरलीच्या केसांत टूथपेस्ट थापली. तो असा ओरडला की दोघींची तोंडं एवढीएवढीशी झाली. त्यांना शाळेत सोडून, उपाशीपोटीच त्याने दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लावली.

गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त नर्स मावशी. आठ वर्षं त्या त्याच्याकडेच बॉबकट करून घेत होत्या. कानाला कापूस त्यांनीच दाबून धरला, त्याच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सकाळपासून काही खाल्लंस का, एवढंच विचारलं. तेवढ्याने तो मोकळा झाला. घरचं सगळं सांगून टाकलं.

मावशी खुर्चीतून उठल्या. "बस इथे."

"मावशी, तुमचे केस अर्धेच झालेत."

"अर्धे केस कुठे पळून जात नाहीत. पाय जमिनीला टेकव. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघ. मुली आठवल्या तर आठवू दे, पुन्हा श्वासाकडे ये."

बारा वर्षांत तो त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसला. आरशात पाहिलं तर न्हाव्याचेच केस कानांवर आलेले. त्याला हसू फुटलं. मग खांदे किती वर चढलेत ते कळलं, आणि कळलं तसे ते आपोआप खाली आले. शेजारच्या बाकावर मावशी अर्ध्या केसांनिशी निवांत पेपर वाचत होत्या.

तेव्हापासून मुलींना आणायला जायच्या आधी तो शटर अर्धं ओढतो, दोन घास खातो आणि दहा मिनिटं गप्प बसतो. जादू काही झाली नाही. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा ओरडला. पण आता राग येताना जबडा आवळतो, हे त्याला कळायला लागलं. तिनातल्या दोन वेळा तो सावरायचा. तिसऱ्या वेळी मुलींजवळ बसून चुकलो म्हणायचा.

हे बायकोच्या नजरेत आलं. त्याने लाजत लाजत सगळं सांगितलं. ती ताटली पुसत ऐकत राहिली.

"आणि माझी दहा मिनिटं?" तिने विचारलं.

त्याला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी बायकोने खोलीचं दार लावून घेतलं. मुली लगेच दारावर थापा मारायला लागल्या.

"आई आत आहे ना?" थोरली म्हणाली.

"आहे. पण दहा मिनिटं ती तिची तिची आहे."

दोघी दाराशी फतकल मारून बसल्या आणि भराभर एक, दोन, तीन करत मिनिटं मोजायला लागल्या. अकरानंतर काय येतं यावरून जुंपली. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं, पण दार काही तिने उघडलं नाही.