कानबाई पियानोवर बसली

उधन्याच्या हर्षदाबाई पाटील पियानो कसा वाजवायच्या, ते ज्यांच्या घराचं प्लास्टर अजून शाबूत आहे त्यांना सांगून कळायचं नाही. वडील हिलाल यांच्या चोवीस मागांच्या कारखान्यातच, भिंतीला टेकवलेल्या एका जुन्या पियानोवर त्या शिकल्या. मागांच्या खडखडाटात स्वतःचं वाजवणं ऐकू यायचं तर बोटांत जोर हवा. तो जोर पुढे काही केल्या गेला नाही. वलसाडच्या कार्यक्रमात छपरावरची कबुतरं उडाली ती दमणला जाऊन उतरली. पुण्यात तार तुटली आणि पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचा केसांचा टोप घेऊन तिसऱ्या रांगेत गेली. ही माहिती खुद्द टोपवाल्यांची आहे. खोटं बोलून त्यांना काय मिळणार?

शिकवण्या मात्र झकास चालत. मुलं मुलायम वाजवत, कारण बाई रोज बजावत, "माझ्यासारखं वाजवू नका." पण शहरात नवं संगीतगृह उभं राहिलं होतं, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईंना उद्घाटनाला तिथे वाजवायचंच होतं. दोनदा नकार आला होता. तिथल्या ट्रस्टचे श्रीरंग देशमुख यांनी दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं, "कला थोर आहे, पण आमचं छप्पर नवं आहे." फार विनवल्यावर ते शेवटचं एकदा घरी येऊन ऐकायला कबूल झाले. श्रावणातला रविवार, दुपारी चार. हा रविवार कानबाई देवीच्या सणाचा, एवढंच ठरवताना बाईंच्या ध्यानातून निसटलं.

सकाळी नैवेद्याचे रोट भाजल्याचा वास आला तेव्हा त्यांना आठवलं. पण देवी दरवर्षीसारखी कोपऱ्यातल्या चौरंगावर बसेल, पियानो आपल्या भिंतीशी मोकळा राहील, असा हिशोब करून त्या देशमुखांना आणायला नाक्यावर गेल्या. परतल्या तर कानबाई पियानोच्या डोक्यावर. कलशावर नारळ, नारळाला डोळे, मुकुट, आणि नाकात टपोऱ्या मोत्याची नथ. समोर भावकीतल्या वीस बायका मांडी घालून बसलेल्या.

"आई, हे काय?" बाईंनी सासूला विचारलं.

"चौरंगना पाय मोडना वं," सरलाबाई म्हणाल्या. "तुनी पेटी उची शे, सोवळी शे."

"थोडा वेळ खाली घेता येईल?"

"बठेल कानबाई कोनी उठाडतंस का? उद्या तापीवर जाई तवयच उठी. तू वाजाड ना. फक्त नारय हालाले नको."

देशमुखांच्या हातात तोवर रोटाची ताटली आली होती. ते दाराजवळची जागा धरून बसले होते.

बाई बसल्या. पहिल्याच स्वराला नथीचा मोती थरथरला. वीस बायकांनी एकदम श्वास रोखला. बाईंनी दुसरा स्वर अलगद ठेवला, झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. मोती थांबला. मग त्यांची नजर पट्ट्यांवर नव्हतीच, नथीवर होती. मोती हलायच्या बेतात आला की बोटं मागे घ्यायची. इतकी वर्षं बोटांत दडून बसलेलं काहीतरी हळूहळू बाहेर येऊ लागलं. पुरणावर बसलेली माशीसुद्धा पंख मिटून ऐकत होती, असं शेजारची पार्वती आजही शपथेवर सांगते.

शेवटचा स्वर विरला तेव्हा देशमुखांच्या हातातला रोट तसाच होता. ते म्हणाले, "बाई, उद्घाटन तुमचं. पण हे आधी का नाही वाजवलंत?"

"आधी वर कोणी बसलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

सोमवारी कानबाईला वाजतगाजत तापीवर नेऊन आणल्यावर बाईंनी केर काढला. खाटेखाली झाडू अडला. ओढून पाहिलं, तर चौरंग. चारही पाय ठणठणीत.

"आई?"

सरलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "तीस वरीस तुना धडाका आयकना मी," त्या म्हणाल्या. "तुले बोलनू ते तू आयकती नही. देवीना मान ठेवशी, हाई मले ठावं व्हतं. आते दुपारले झोपू दे."

उद्घाटनाला त्या भल्यामोठ्या काळ्या पियानोवर एक साधा नारळ होता, सासूची नथ घातलेला. ट्रस्टच्या लोकांनी कारण विचारलं नाही. पहिल्या रांगेत सरलाबाई दुसऱ्याच मिनिटाला गाढ झोपल्या. देशमुख ओशाळून त्यांना हलवायला वाकले, तर बाईंनी वाजवता वाजवता डाव्या भुवईने त्यांना दटावलं, आणि वाजवणं आणखी हळू केलं.