तीन ‘ला’

खारीचं शेपूट काही केल्या उभं राहीना. दामिनीनं आतली तार ओढून काढली, दुहेरी वळवली आणि तागाच्या झुपक्यातून पुन्हा वर ढकलली. शेपूट क्षणभर ताठ झालं, मग मान टाकल्यासारखं नंदिनीच्या पाठीवर आडवं पडलं.

“आई, टोचतंय.”

“हलू नकोस ना. एकच टाका राहिलाय. तोवर म्हण बरं एकदा.”

पाच वर्षांच्या नंदिनीनं दोन्ही पंजे छातीशी धरले आणि कुलरच्या घरघरीवर आवाज चढवला, “मला नको! आधी तळ्याला द्या! त्याला माझ्यापेक्षा जास्त तहान लागली आहे!”

“वा गं माझी खार!” दामिनीनं दातानं दोरा तोडला आणि तिच्या गालाचा पापा घेतला.

दुपारचे चार वाजले होते. बाहेरचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन रस्त्यावर कुणाला फिरकू देत नव्हतं, आणि या दोन खोल्यांत मात्र सकाळपासून लग्नघरासारखी धावपळ होती. उन्हाळी बालमहोत्सवाचा आज शेवटचा दिवस, सात वाजता शेवटचं नाटक, आणि त्या नाटकात नंदिनीचं एक वाक्य. एकच, पण त्यात तीन ‘ला’ होते.

दार ढकलून सुशील आत आला. कळमन्याच्या फळबाजारात आंब्याच्या गाड्या उतरवून घ्यायचं त्याचं काम. आज खास लवकर सुटला होता. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, माठाकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या घशाकडे.

“तोंडानं माग ना पाणी,” दामिनी म्हणाली.

“कसं मागू? घरात कर्फ्यू लागला आहे. ‘पाणी पाहिजे’ म्हणता येते. कोणाले पाहिजे, थे म्हणता येत नाही.”

“कोणाले! बाबा ‘कोणाले’ म्हणाले!” नंदिनी शेपटासकट उडाली. “पाच उठाबशा!”

“घ्या! बाजारात सारे मले भाऊ भाऊ करतात, अन् घरात...”

“मले! आता दहा!”

सुशीलनं कपाळावर हात मारला आणि कान धरून उठाबशा काढायला लागला. सातव्या उठाबशीला बापलेक दोघंही हसून जमिनीवर बसले. दामिनी शेपूट सांभाळत ओरडली, “अरे, चुरगळेल ते!” पण तीही हसत होती.

कर्फ्यू पंधरा दिवसांपूर्वी लागला. शिबिरात पहिलं वाचन झालं तेव्हा नंदिनीनं ते वाक्य आपल्या परीनं म्हटलं होतं, “मले नको, आधी तळ्याले द्या.” मुलं खिदळली. शिबीर घेणाऱ्या दिपाली मॅडमही हसल्या, अगदी मायेनं, आणि न्यायला आलेल्या दामिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गोड बोलते हो. पण बाकी सगळी मुलं शुद्ध बोलणार, त्यात हिचं एकटीचं वेगळं पडेल. शुक्रवारपर्यंत बघू. नाही जमलं तर वाक्य दुसऱ्या कुणाला देऊ. ही नुसत्या उड्या मारेल.”

नुसत्या उड्या मारेल. स्कूटीवर पुढे उभी राहून नंदिनी सिग्नलचे आकडे मोजत होती, आणि दामिनीच्या कानात दुसरंच काही वाजत होतं. उमरेडहून ती नागपूरच्या कॉलेजात आली त्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावरचं गणित कुणाला येतं असं विचारलं होतं. सबंध वर्गात तिला एकटीला येत होतं. ती ताडकन उभी राहून म्हणाली होती, “सर, मले येते!” गणित बरोबर आलं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढची तीन वर्षं वर्ग तिला ‘मलेबाई’ म्हणत होता. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आरशासमोर बसून तिनं आपली जीभ भांड्यासारखी घासूनपुसून लख्ख केली. आता रामदासपेठेतल्या लॅबमध्ये ती फोन उचलते, “आपला रिपोर्ट संध्याकाळी मिळेल,” म्हणते, आणि ही बाई कुठली, हे पलीकडच्याला ओळखता येत नाही.

शुक्रवारी वाक्य नंदिनीकडेच राहिलं. घरात जिलबी आली.

आता भीती फक्त एकाच माणसाची होती. सकाळीच उमरेडहून आईचा, प्रेमिलाबाईंचा फोन आला होता.

“दामे, मी दोनच्या गाडीनं येऊन राहिली. घरीच येतो. पोट्टीले मीच तयार करतो, तू काही करू नको.”

आईच्या आवाजातला आनंद ऐकून दामिनीला आधी बरं वाटलं. मग दुपारचे ते दोन तास तिच्या डोळ्यांपुढे आले. आजीच्या मांडीवर नंदिनी, आजीच्या तोंडून बदाबदा सांडणारे ‘मले’ आणि ‘तुले’, आणि वाहून गेलेले पंधरा दिवस.

“नको आई. दोनचं ऊन फार वाईट. तू साडेचारची गाडी घे आणि सरळ मैदानावरच ये. मी गेटवर थांबते.”

“उनाले मी काय मेणाची आहो काय? हातमागाच्या शेडीत पत्र्याखाली जन्म गेला माहा.”

“आई, ऐक ना माझं.”

“बरं,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा सुशील दाढी करत होता. “उन्हाचं निमित्त बरं सापडलं तुला,” तो आरशातूनच म्हणाला. ‘तुला’वर त्यानं थोडा जोर दिला.

सहाला ते मैदानावर पोचले, तेव्हा ऊन कललं होतं तरी जमीन तव्यासारखी होती. टँकरनं मारलेलं पाणी तिनं केव्हाच पिऊन टाकलं होतं. पण गर्दीला त्याचं काही नव्हतं. पिपाण्या वाजत होत्या, लेझीमवाल्या मुली ओळीत उभ्या होत्या, मंचाच्या दोन्ही बाजूंना ट्रकएवढे कुलर धडधडत होते आणि त्यांच्यासमोर केस उडवून घ्यायला पोरांची रांग लागली होती. पडद्यामागे तर जंगल माजलं होतं. हत्ती सोंड काखेत मारून पाणीपुरी खात होता. दोन झाडं एकमेकांना फांद्यांनी बडवत होती. अस्वल झालेला मोहित सांगत सुटला होता की त्याचा माठ खरा आहे, आणि आत पाणीही खरं आहे.

“आई, माझ्या पोटात पाखरं उडतायत,” नंदिनी म्हणाली.

“माझ्यापण,” दामिनी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

प्रेमिलाबाई गेटवर आधीच येऊन उभ्या होत्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं, डोक्यावर ओला पंचा, हातात कापडी पिशवी. त्यांनी दामिनीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली.

“कुठं आहे वं माही खारोटी? तिले पाहू तर दे.”

“नाटक झाल्यावर भेट, आई. आत्ता तिचं लक्ष उडेल.”

प्रेमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत दाखवलेल्या खुर्चीवर बसल्या. “बरं,” म्हणाल्या.

नाटक सुरू झालं. रानातलं तळं आटतं, अस्वल एक माठ भरून आणतं आणि सगळ्यांना घोटघोट पाणी वाटतं, अशी गोष्ट होती. हत्ती प्यायला, ससे प्यायले. दामिनी आणि सुशील विंगेच्या कडेला उभे होते. सुशील मोबाइलवर शूटिंग करत होता.

“खारूताई, आता तू घे,” मोहित म्हणाला.

नंदिनी पुढे आली. समोर एवढी माणसं पाहून तिथंच थांबली.

एक. दोन. शेपटातली तार सुटली आणि शेपूट तिच्या डोक्यावरून पुढे, नाकासमोर येऊन लोंबलं. प्रेक्षकांत हशा पिकला. दामिनीचे ओठ आपोआप ‘म’साठी मिटले आणि तसेच मिटून राहिले. तीन. चार. दिपाली मॅडम पलीकडच्या विंगेतून हातवारे करत होत्या.

नंदिनीनं शेपूट एका हातानं बाजूला सारलं, पडद्यासारखं.

“मला नको! आधी तळ्याला द्या! त्याला माझ्यापेक्षा जास्त तहान लागली आहे!”

घंटेसारखे तीन ‘ला’, एकापुढे एक. मैदान टाळ्यांनी भरून गेलं. सुशीलनं शूटिंग सोडून शिट्टी मारली. तिसऱ्या रांगेत प्रेमिलाबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मागचे “बसा, आजी, बसा” म्हणत होते आणि त्या बसत नव्हत्या. दामिनीला रडू आलं आणि हसू आलं. सरांनी विचारलेलं ते गणित आत्ता कुठं सुटल्यासारखं वाटलं.

पडदा पडल्यावर नंदिनी धावत आली ती थेट आजीच्या अंगावर. गालावरचा तपकिरी रंग जांभळ्या लुगड्याला लागला.

“बापा बापा! काय बोलली वं माही पोट्टी!” प्रेमिलाबाईंनी तिला उचलून घेतलं. “एवढ्या माणसांत भेव नाही लागलं तुले?”

“तुले नाही, आजी,” नंदिनी त्यांच्या तोंडावर बोट ठेवत म्हणाली. “तुला. तुले म्हटलं की चूक असते.”

सगळे हसले. दिपाली मॅडम म्हणाल्या, “बघा, किती पक्कं झालंय!” सुशील सासूला म्हणाला, “मामीजी, तुम्हीपण सापडल्या!” सर्वांत मोठ्यानं प्रेमिलाबाईच हसल्या. हसत हसत त्यांनी नातीला खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मग चौघं बर्फगोळ्याच्या गाडीकडे निघाले. नंदिनी मध्ये, एका हाताला आजी, एका हाताला बाबा. तिला झोके घ्यायचे होते. ती वाटेत भेटेल त्याला आपलं वाक्य ऐकवत होती. दामिनी त्यांच्या मागून चालत होती, अजून तरंगत. आई गप्प आहे, हे तिच्या ध्यानात गाडीजवळ आल्यावर आलं. उमरेडची एकही बातमी नाही, बसमधल्या भांडणाची गोष्ट नाही.

रंगीत बाटल्यांवर गाडीचा दिवा चमकत होता. प्रेमिलाबाई वाकल्या. काही जड वस्तू उचलायची असावी तसा त्यांनी आधी श्वास घेतला.

“नंदिनी, तुला... कोणता गोळा पाहिजे?”

“ऑरेंज!”

“बरं. मी तुला... आंबे आणला आहेत. घरच्या झाडाचे.” त्यांनी पिशवी थोपटली. “सगळे पिकला. आणि तुला पाहायला खूप लोक आला होते. सगळे हसला. मला पाहून तर... मागचे लोक चिडला.”

एकेक शब्द त्या जपून ठेवत होत्या. जिथं ‘ले’ दिसला तिथं त्यांनी तो काढून ‘ला’ बसवला होता. जिथं तो हवाच होता, तिथलाही. आणि नीट जमलं ना म्हणून त्या नातीच्या तोंडाकडे पाहत होत्या.

नंदिनीनं कपाळाला आठी घातली. हे चूक होतं हे तिला कळत होतं, पण ही चूक कुणी तिला शिकवली नव्हती. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं.

गोळेवाला बर्फ किसता किसता थांबला. “अन् तुम्हाले, ताई?”

दामिनी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल अशी. “माय,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “मलेबी एक सांग नं वं. कालाखट्टा.”

सुशीलनं खिशात घातलेला हात तसाच राहू दिला. नंदिनी कुणीतरी ओरडेल म्हणून वाट पाहत एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघू लागली.

प्रेमिलाबाई लेकीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“कालाखट्टा काहून वं?” त्या खेकसल्या. “परवा फोनवर खोकलून राहिली होती नं तू? मले काय ऐकू येत नाही काय?” आणि गोळेवाल्याकडे वळून म्हणाल्या, “हिले साधा दे गा. अन् बर्फ कमी घाल.”