डावा हात

कळंबच्या शाळेत प्रतिक्षाचा शेवटचा सराव पाठ होता. तो बघायला डी.एड. कॉलेजच्या राजलक्ष्मी मॅडम बारामतीहून आल्या होत्या. त्यांनी पास म्हटलं की प्रतिक्षा शिक्षिका होणार, जूनपासून नोकरीही ठरलेली.

पाठ कसला झकास! फळ्यावर सुरेख अक्षर, रंगीत तक्ता, खणखणीत आवाज. प्रश्न विचारला की पाचवीचा अख्खा वर्ग हात वर करी. मॅडम खूश होत्या. मग प्रतिक्षानं फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरच्यात वरचं, खालच्यात खालचं! अहो, अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि ती अर्धीहून कमी झाली? मॅडमचा पेन थांबला. त्यांच्या गुणपत्रकात आवाजाला रकाना होता, तक्त्याला होता. गणित बरोबर आहे का, याला नव्हता.

"समजलं ना?" प्रतिक्षानं विचारताच पुन्हा सगळे हात वर झाले. मॅडमनी पुढच्या बाकावरच्या छकुलीला विचारलं, "हात वर केलायस ना? सांग बाळ, उत्तर कसं आलं?"

पोरगी बिचकली. "बाई, माजा डावा हाय."

"म्हणजे?"

"येतंय त्येनं उजवा करायचा, येत न्हाय त्येनं डावा. डाव्याला इचारायचं नसतं."

मॅडमनी वर्गभर पाहिलं. जिकडं तिकडं डावे हात. ही युक्ती त्यांचीच होती. तपासणीला वर्ग हुशार दिसतो, असं त्या दरवर्षी हसत हसत शिकवत. शरमेनं त्यांना पोरीकडं बघवेना.

व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "प्रतिक्षा, उत्तर चुकलंय."

"चुकलंय?" तिचे डोळे भरले, बोली घरची झाली. "मॅडम, कॉलेजात पाचवीचं पुस्तक कुणी उघडलंच न्हाय. हात कसा वर करायचा, त्येवढं तुमी शिकवलं."

आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! मॅडमनी गुणपत्रकावर सही केली नाही. "आधी गणित शीक, मग पुन्हा पाठ घे. पण नापास तू एकटी नाहीस गं," एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांनी पाचवीची पुस्तकं वाटली. "अपूर्णांक समजावून सांगता येत नसतील, त्यांनी डावा हात वर करा."

एकही हात हलेना. भावी गुरुजींना अब्रू प्यारी.

"भागाकारात अपूर्णांक उलटा का करतात, हे मला आजही सांगता येत नाही," म्हणत मॅडमनी स्वतःचा डावा हात वर केला.

मागच्या बाकावरून प्रतिक्षाचा हात वर आला. मग एकेक करत वर्गभर हात उठले, सगळे डावे.