आरोपी क्रमांक दोन

ही गोष्ट २०२३ सालची. जून महिना होता आणि माझ्या मुलीचं, नीरजाचं, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन परदेशात एकवीस ऑगस्टला ठरलं होतं. तिला आई जवळ हवी होती. एक्कावन्न वर्षांच्या मुलीने फोनवर "आई, तू ये" एवढंच म्हणावं आणि पुढे बोलू नये, म्हणजे तिला किती भीती वाटत असेल ते मला कळलं. मी त्याच संध्याकाळी व्हिसाचा अर्ज भरायला घेतला.

अर्जात एक रकाना होता. आपल्यावर कधी फौजदारी खटला झाला आहे का, शिक्षा झाली आहे का? मी दोन्हींपुढे 'हो' लिहिलं.

माझा नातू, माझ्या मुलाचा मुलगा सौमित्र, हिंजवडीला एका कंपनीत आहे. अर्ज त्यानेच कॉम्प्युटरवरून पाठवला, पण न वाचता. पंधरा दिवसांनी तिकडून कोर्टाचा दाखला मागणारं पत्र आलं, तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला आणि मी नेमका काय गुन्हा केला होता ते त्याने विचारलं. मी सांगितलं. १९६८ साली टिळक रस्त्यावर संध्याकाळी साडेसात वाजता दिवा नसलेली सायकल चालवली होती. मागे माझी मैत्रीण राधा बसली होती. त्या काळी पुण्यात डबलसीट जाणं गुन्हा होता आणि दिवा नसणं हा दुसरा. पोलिसाने दोघींची नावं लिहून घेतली आणि खटला झाला.

"आजी, सायकलला लाइट नव्हता म्हणून तू येस लिहिलंस?"

"रकान्यात वाहनाचा प्रकार विचारलेला नव्हता."

त्याने ते पत्र पुन्हा वाचलं. दाखला दिला नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर नीरजाच्या उशाशी कोणी नाही. तिचा नवरा सकाळी सातला कामावर जातो, मूलबाळ नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवाजीनगरला कोर्टात गेलो. फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांत उत्तरेश्वर म्हणून एक गृहस्थ भेटले. मूळचे लातूरकडचे. कोर्टात तेहतीस वर्षं कारकून होते, निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून रस्त्याच्या पलीकडे येऊन बसले. मी खटल्याबद्दल सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की तारीख आठवते का.

मला आठवत होती. चौदा मार्च, गुरुवार. त्या दिवशी मला बघायला शरच्चंद्रांकडची मंडळी यायची होती. गुरुवार चांगला म्हणून त्यांनीच तो वार काढला होता. नेमकी तीच तारीख कोर्टाची निघाली. माझ्या वडिलांना खटल्याचं कळलं असतं तर त्यांनी मला कॉलेजातून काढलं असतं, आणि पाहुण्यांना कळलं असतं तर ते जिन्यावरूनच परत गेले असते. राधा म्हणाली, तू घरीच थांब, मी जाते, दोघींचं मिळून मिटवून येते. संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, मिटलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, आपल्याला जरा वेळ बसवलं. मी तेव्हा पोह्यांच्या बशा विसळत होते. लग्न ठरल्यात जमा होतं. त्याहून जास्त मी काही विचारलं नाही.

पंचावन्न वर्षं माझी समजूत होती, की आम्हा दोघींना शिक्षा झाली.

उत्तरेश्वरांनी सांगितलं, की असल्या किरकोळ खटल्यांचे कागद काही वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. नोंदवही उरली असेल तर नशीब. त्यांनी शोधाचा अर्ज लिहून दिला आणि दर दोन दिवसांनी स्वतः आत जाऊन विचारत राहिले. चहासुद्धा ते आमच्याकडून घेत नव्हते. "मॅडम, मी अजून तिथलाच आहे, नुसतं टेबल बाहेर आलंय," म्हणायचे. अठरा जुलैला त्यांचा फोन आला, की नोंदवही सापडली.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी आम्ही तिघं उभे होतो. वहीला वाळवी लागलेली होती, पण आमचं पान शाबूत होतं. मी चष्मा लावला आणि मला एक अक्षर कळलं नाही. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि माझ्याच नावापुढचं मराठी मला वाचता येईना. पान असं होतं:

'सं.फौ.ख. ८४१२/६८. सा. डबलसीट, वि.दि. आ.१ गै.ह. आ.२ ह. गु.क. आ.१ वि. का.टा. आ.२ को.उ.'

त्यातलं 'गै.ह.' सौमित्रला कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. आरोपी गैरहजर, म्हणजे आजीच्या नावाने वॉरंट निघालं असणार, असं तो हळूच उत्तरेश्वरांना म्हणाला.

"एका अक्षरावर थांबायचं नसतं, साहेब," उत्तरेश्वर म्हणाले. "कोर्टाचं लिहिणं ओळ संपेपर्यंत वाचावं."

मग त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदापासून बोटभर वर धरून, वहीला न टेकवता, एकेक अक्षर उलगडलं. संक्षिप्त फौजदारी खटला. सायकल, डबलसीट, विनादिवा. आरोपी एक म्हणजे मी, गैरहजर. आरोपी दोन म्हणजे राधा, हजर. गुन्हा कबूल. आरोपी एकविरुद्ध खटला काढून टाकला. आरोपी दोन, कोर्ट उठेपर्यंत.

"कोर्ट उठेपर्यंत म्हणजे काय?" सौमित्रने विचारलं.

ती एक शिक्षाच असते, असं त्यांनी सांगितलं. दंड नाही, तुरुंग नाही. न्यायाधीश आपलं काम संपवून उठेपर्यंत आरोपीने तिथेच बाकावर बसून राहायचं. हल्लीही देतात. विद्यार्थी असला, मुलगी असली, तर न्यायाधीश दया म्हणून हीच द्यायचे.

शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. त्या पुऱ्या लिहिलेल्या होत्या, त्यामुळे त्या मी स्वतः वाचल्या. 'आ. २ चे निवेदन : सायकल मी चालवीत होते. आ. १ चा पाय मुरगळला म्हणून तिला मागे बसवून घरी नेत होते. तिचा दोष नाही.' आणि खाली, 'सा. ५.२० वा. सोडले.'

माझा पाय आजतागायत कधी मुरगळलेला नाही.

सौमित्र आनंदाने माझा हात दाबत होता. तुला शिक्षा झालीच नव्हती, आपलं काम झालं, असं काहीतरी म्हणत होता. मी मात्र त्या पाच वीसकडे बघत होते. चौदा मार्च, गुरुवार. राधा सायन्सला होती, मी आर्ट्सला. तिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल त्या आठवड्यात होतं आणि ते बुडालं होतं. ताप आला होता, असं तिने सगळ्यांना सांगितलं. मलाही. तिचं वर्ष गेलं, शिष्यवृत्ती गेली. मे महिन्यात माझं लग्न झालं तेव्हा ती पंगतीत वाढत होती आणि माझ्या सासूबाईंनी तिला विचारलं होतं, की बाई, तू कितवीला? "पुन्हा त्याच वर्गाला," ती म्हणाली होती आणि जिलबी वाढत पुढे गेली होती.

दाखल्याची नक्कल चार दिवसांत मिळाली. सौमित्रने ती पाठवायची म्हटल्यावर मी अडले. त्या कागदावर लिहिलेलं खरं नव्हतं. सायकल मी चालवत होते. मी सोबत खुलाशाचं पत्र जोडणार होते. सौमित्रने माझ्यापुढे अक्षरशः हात जोडले. त्याने दिवस मोजून दाखवले, ऑपरेशनची तारीख दाखवली. मी म्हटलं, राधाला विचारल्याशिवाय मी काहीच पाठवणार नाही.

राधा कोथरूडला राहते. दिवाळीला फोन आणि कोणाच्या लग्नकार्यात भेट, एवढाच आमचा संबंध उरला होता. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद होती, सौमित्र मला हात धरून वर घेऊन गेला. दार तिनेच उघडलं. मी नक्कल तिच्या हातात दिली. तिने चष्मा शोधला, शांतपणे वाचली.

"मग?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी तुझ्या वाटणीचं बसायला आलीस?"

मी तिला विचारलं, की न्यायाधीशांना प्रॅक्टिकल असल्याचं का सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी पुढची तारीख दिली असती, आणि मग आरोपी एक म्हणून तुलाही बोलावणं आलं असतं. ते गृहस्थ भले होते. दंड करत नाही, संध्याकाळपर्यंत बस, म्हणाले. बाकावर तिच्या शेजारी दोन जुगारी होते, त्यांतल्या एकाने तिला शेंगदाणे दिले.

"तुझं वर्ष गेलं, राधे."

"तुझ्याकडे पाहुणे यायचे होते, पद्मजा. माझ्याकडे नुसती परीक्षा होती. परीक्षा पुन्हा येते."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू शरच्चंद्रांना सांगितलं असतंस. तुला पोटात काही ठेवता येतं का?"

हे खरं होतं, म्हणून मी खुलाशाच्या पत्राचं सांगितलं. ती प्रथमच चिडली.

"त्यांनी काय विचारलंय? शिक्षा झाली का. झाली?"

"नाही."

"मग नाही म्हणून लिही. सायकल कोण चालवत होतं, असा रकाना आहे का त्यात?"

सौमित्र खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

"अगं, माझ्या नावावर सबंध आयुष्यात एक सरकारी नोंद आहे," राधा म्हणाली. "ती खोडायला निघालीस? मुलीकडे जा. मी पाच वीसपर्यंत बसले ते तू आता घरी बसावंस म्हणून नाही."

मी पत्र जोडलं नाही. मला त्याचं अजून थोडं टोचतं, पण तिचे आभार मानायची तिने दुसरी वाटच ठेवली नव्हती. जाताना तिने मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि मी जिन्यात बसून रडले. सौमित्र एक पायरी खाली बसून राहिला. मी उठेपर्यंत.

नऊ ऑगस्टला व्हिसा आला. एकवीसला नीरजाला आत नेलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि संध्याकाळी तिने डोळे उघडले तेव्हा समोर मी होते. ती आता रोज दोन मैल चालते आणि त्याचे फोटो पाठवते. उत्तरेश्वरांनी गेल्या वर्षी टेबल बंद केलं, लातूरला मुलाकडे गेले. दसऱ्याला त्यांचा फोन येतो आणि मी प्रत्येक वेळी पुन्हा आभार मानते. ते "मॅडम, पुरे" म्हणतात. सौमित्रचं लग्न झालं. त्याने सायकल घेतली आहे, पुढे दिवा, मागे दिवा, हेल्मेटलाही दिवा. शरच्चंद्र २०१६ सालीच गेले. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. कळलं असतं तर ते पहिलं राधाच्या पाया पडायला गेले असते, मग मला ओरडले असते.

राधा त्या गेलेल्या वर्षात पोरांच्या शिकवण्या घेत होती. पुढे कोथरूडच्याच एका शाळेत तिने तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आता तिचे गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरून ती उतरत नाही. म्हणून दर गुरुवारी मी जाते. दुपारी जाते आणि तिच्याशेजारी बसते. संध्याकाळी पाच वीसला ती घड्याळाकडे बघते आणि म्हणते, "चला, सोडलं."