डेलिलीपाशी ठेवलेलं पाणी

आमच्या ह्यांना गोडादऱ्याची सगळी गल्ली भटूदादा म्हणायची. बमरोलीच्या मिलमध्ये जन्म गेला, पण जीव जडला तो ओट्यावरच्या डेलिलीवर. मिलच्या माळ्याने गड्डा फोडताना एक कोंब दिला होता. ह्यांनी निळा ड्रम अर्धा कापून त्यात तो लावला आणि घरात मला सवत आणली.

फुलं केशरी, देखणी, पण एका दिवसाची. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मान टाकतं. तसंच ठेवलं तर दांडा बी धरतो आणि पुढच्या कळ्या रोडावतात, म्हणून हे रोज दिवेलागणीला चिमलेलं फूल खुडून कठड्यावर ठेवायचे. मला मुळीच हात लावू देत नसत.

"तू ऱ्हाऊ दे. कळी तोडी टाकशी," म्हणायचे.

मला राग यायचा. ह्या हातांनी पोरं वाढवली, आणि एक फूल खुडता येणार नाही?

दिवाळीनंतर हे गेले. उन्हाळ्यात डेलिलीला दांडे आले, पहिलं फूल उमललं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून बाहेर येते तो फूल खुडून कठड्यावर ठेवलेलं. सून उज्ज्वलाला विचारलं, तिने हात लावला नव्हता. मुलगा लखन सचिन भागातल्या कारखान्यातून आलाही नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त बरं वाटलं. मी रोज संध्याकाळी केस नीट विंचरून ओट्यावर बसायला लागले.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. गेलेल्या माणसाची पहिली अखाजी म्हणजे मातीची नवी घागर पाण्याने भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, नाव घेऊन जेवायला बोलवायचं. ते पाणी पिऊन माणूस पितरांत जातो, मग दारापाशी घुटमळत नाही.

उज्ज्वलाने घागर आणायचं हळूच विचारलं, "आई, बाबासनी घागर लई येऊ ना?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिने डोळे मोठे केले, लखन चिडला, नातेवाइकांत तोंड कसं दाखवू म्हणाला. मी ऐकलं नाही. घागर भरली की हे जाणार, आणि मला ते नको होतं.

त्याच आठवड्यात ड्रमपाशी झाडासाठी भरून ठेवलेला तांब्या रिकामा दिसू लागला. माती मात्र कोरडी. आधी मांजरावर संशय घेतला. मग एका संध्याकाळी तांब्याऐवजी भरलेली कळशी ठेवली, आत जाऊन दिवा लावला, बाहेर आले तर कळशीही रिकामी. मला रडू कोसळलं. माझ्या सोबतीसाठी मी माझ्याच माणसाला तहानलेलं ठेवलं होतं.

अखाजीला घागर भरली. सांजोऱ्या केल्या, आमरस केला. लखनने वडिलांना नाव घेऊन बोलावलं. जन्मभर न घेतलेलं ते नाव मीही पुटपुटले, आणि पोटभर पाणी प्या म्हटलं.

त्या संध्याकाळी दिवा लावून बाहेर आले. तांब्या भरलेला तसाच होता. चिमलेलं फूल दांड्यावर लोंबत होतं. अंधार पडेपर्यंत मी वाट पाहिली. मग मीच हात घातला. फूल निघालं आणि त्याच्यासोबत उद्याची कळीही निघाली.

ती तळहातावर घेऊन मी बसून राहिले. कोणी रागावलं नाही.