बोरखडीच्या बांधाखालचा शून्य

सोलापूरच्या सात रस्त्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून कुंडलिकचं घोंगड्यांचं. बावीस वर्सं शेजार. एकदा मी त्याच्या घोंगड्यांच्या गठ्ठ्यात चालू ट्रान्झिस्टर ठेवला व्हता. सकाळी गठ्ठ्यातनं भजन सुरू झालं, तर ह्यानं गठ्ठ्यापुढं उदबत्ती लावली. तवापासनं तो माझ्या कुटल्याच गोष्टीवर इस्वास ठेवत न्हाय, आणि रोज सकाळी चहाला मात्र माझ्याच बाकड्यावर येतो.

अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली व्हती. कुंडलिक बाकड्यावर बसला आणि भाचीचं पुराण लावलं.

"आमची मायाक्का काय करायलीया म्हाईत हाय का बे तुला? पुण्यात कॉम्प्युटरवर हाय ती. कारखान्याच्या वायरलेसचा आवाज कुटं पोचंल आणि कुटं न्हाय, ते खुर्चीत बसून सांगती. मोजायला रानात जायाची गरजच न्हाय."

"खुर्चीत बसून?" मी म्हटलं. "लका, मी वीस वर्सं झाली लोकांच्या पत्र्यावर चडून एरियल फिरवतोय. एक बोट हलवलं तर ठेसन जातं. आणि तुजी भाची पुण्यातनं सांगणार?"

"सांगणार की! दहा जागा काढ. दहाच्या दहा बरोबर येतील."

"आणि एक जरी चुकली तर?"

"तर तू म्हणशील ते!"

कुंडलिक चिडला की असा मोकळा सुटतो. मी लगीच पैज सांगितली. जो हरंल त्यानं रविवारी संध्याकाळी पाच वाजता सात रस्त्यावर स्टुलावर हुबं राहायचं. डोक्याला तारेचं एरियल बांधायचं आणि एक तास रेडिओ व्हायचं. उजवा कान पिळला की आवाज कमी-जास्त, डावा पिळला की ठेसन बदल. कान कुणीबी पिळावा. पोरं, म्हातारी, गिऱ्हाईक, ज्याची इच्छा.

समोर वांगी घेऊन बसणाऱ्या सारजाबाईनं टोपलीवर हात मारून साक्ष दिली. "मी पयला नंबर लावती," म्हणाली.

आता मायाक्काचं सांगतो. कुंडलिकचा दाजी बिरप्पा धनगर, त्याची ही थोरली लेक. दहावीपर्यंत कुंडलिककडं राहून शिकली. गणितात असली तरबेज, की माझ्या दुकानात येऊन रेडिओतल्या रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे बघून त्यांचे आकडे सांगायची. पुढं पुण्याला गेली आणि तितल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर लागली. आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला वायरलेस बसवायचा व्हता. उसाच्या गाड्या कारखान्याच्या दारात दोन-दोन दिवस अडकायच्या. वायरलेस असला तर रानातल्या मुकादमाला सांगता येतं, आज तोड थांबव. मनोरा कुटं आणि किती उंच हुबा करायचा, हे काडायचं काम मायाक्काला मिळालं. तिचं पयलंच सोताचं काम. सेट बसवून द्यायचं काम माझ्याकडं.

बिरप्पानं पोरीला साफ सांगितलं व्हतं, "हे काम कारखान्यानं मान्य केलं तर पुण्यात ऱ्हा. न्हाय केलं तर उन्हाळ्यात लगीन, आणि कॉम्प्युटर-बिम्प्युटर बास."

हे मला म्हाईत व्हतं. दहातली एक जागा चुकली तर काय आभाळ कोसळतंय, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाला लागलो.

मायाक्कानं आणलेला कागद मी बघितला. घडी घातलेला, दोन्ही कडंला भोकं, उलगडला तर माझ्या दुकानातनं कुंडलिकच्या दुकानात जाईल एवडा लांब. त्यावर नुसते आकडे. नऊ म्हंजी आवाज खणखणीत, शून्य म्हंजी काहीच न्हाय.

"हे कसं काडलंस गं?" मी इचारलं.

"सर्व्हेच्या नकाशावरनं मामा. फर्लांगा-फर्लांगावर जमिनीची उंची किती ते वाचायचं, कार्डाला भोकं पाडायची. अडीच हजार कार्डं झाली. मग मशीन बघतं, मनोरा आणि माणूस यांच्या मदी कुटला उंचवटा आडवा येतोय आणि त्यानं आवाज किती अडतोय."

"आणि नकाशातच चूक असली तर?"

"व्हती की!" ती हसली. "बोरखडीचा तलाव बहात्तरच्या दुष्काळात झाला. नकाशा त्याच्या आदीचा. बांध त्याच्यात न्हाईच. आमचा बा तितं मेंढरं चारतो, त्यानं सांगितलं. मी म्हटलं, किती उंच? तर काठी लावून, पावलं मोजून आला. पस्तीस फूट. त्याचं येगळं कार्ड केलं. म्हणून बांधाखालच्या मळ्यात बघा, शून्य."

बिरप्पा दाराशी बसून तंबाखू मळत व्हता. लेकीच्या कागदात आपला बांध आलाय म्हटल्यावर त्याची मान अशी ताठ झाली, की पटक्याचा शेमला हालला.

कारखान्याला बी मनोऱ्याआदी चाचणी पायजे व्हती, ती पैजंच्याच दहा जागांवर ठरली. यादीत बोरखडीचा मळा मी शेवटाला घातला.

चाचणीच्या आदल्या दिवशी फटफटीवर बोरखडीला गेलो. बांधाच्या माथ्यावर बाभूळ व्हती. तिच्या शेंड्याला चांगलं लांब एरियल बांधलं, आणि तितनं जाडी केबल वाळल्या गवताखालनं खाली मळ्यापर्यंत आणून सोडली. मळ्यात आवाज येत नसंल तर नसू दे. बांधावर तर येतोय. केबलनं खाली आणायचा. परत येताना फटफटीवर इतका हसलो, की मोहोळच्या नाक्यावर पोलिसानं थांबवून तोंडाचा वास घेतला.

चाचणीच्या दिवशी कारखान्याच्या धुराड्यावर मनोऱ्याच्या उंचीला तात्पुरतं एरियल बांधलं, आणि खाली खोलीत मोठ्या सेटपुढं मायाक्का बसली. शेजारी बिरप्पा. आणि डोक्यावर हुबे रावजीआबा. आबा कारखान्याचे संचालक. त्यांना हे सगळं पयल्यापासनं पटलं नव्हतं. "मुंबईची कंपनी बोलवा," हे त्यांचं एकच म्हणणं. संचालकांची बैठक त्याच दुपारी व्हती, आणि आबा तितं काय सांगतील त्यावर मायाक्काचं काम ठरायचं.

जीपमदी मी, खांद्याला लावायचा सेट आणि साक्षीदार म्हणून कुंडलिक. बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, हे कुंडलिकला इतकं आवडलं, की वाटंत हाटेलात बी "दोन कप चहा, ओव्हर" म्हणाला.

एक नंबर. कागदावर सात. मायाक्कानं तिकडं सेटवरचा काटा बघितला, सात. दोन नंबर, पाच. आला पाच. नाल्यात दोन व्हता, दोन आला. एका टेकाडामागं मला वाटलं आता फसला कागद, तर कागदानं सांगितल्यासारखा चार. नऊ जागा झाल्या. एका आकड्याचा बी फरक न्हाय. कुंडलिक जीपमदी बसल्या बसल्या नाचायलाय. "कान तेल लावून ठेव चन्न्या!"

मी म्हटलं, "अजून एक हाय."

बोरखडीला पोचलो. चुन्यानं दहा आकडा घातलेला दगड शोधायला कुंडलिकला लांब पाठवला आणि गवताखालची केबल सेटला जोडली. कुंडलिक आला. मी बटन दाबलं.

"दहा नंबर. ऐकू येतंय का, ओव्हर."

"येतंय," मायाक्काचा आवाज खणखणीत आला. मग म्हणाली, "काटा नऊवर हाय. ओव्हर."

कुंडलिकचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पोट धरून हसणार, तेवड्यात परत आवाज आला.

"चन्नवीरमामा, सेट घेऊन दहा पावलं बाजूला व्हा. ओव्हर."

केबल व्हती तेवडीच. दहा काय, दीड पाऊल झालं नसतं.

"काटं हायत गं. ओव्हर."

"मग पाच पावलं. ओव्हर."

"साप हाय. ओव्हर."

कुंडलिक टुणकन जीपच्या टपावर.

"मग जीपमदी बसा आणि जीप पुढं घ्या. ओव्हर."

"पंक्चर हाय. ओव्हर."

कुंडलिकनं टपावरनं वाकून चारी चाकं बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

तेवड्यात तिकडं रावजीआबांनी माईक घेतला. "बास झालं. शून्य लिहिलंय तितं नऊ येतोय. एक चुकलं म्हंजी बाकीच्याचा काय भरवसा? मी बैठकीत सांगतो, मुंबईला लिहा." मग आवाज जरा बाजूला वळला, पण बटन दाबलेलंच व्हतं. "आणि बिरप्पा, तू तो बांध-बिंद काय सांगितलास पोरीला? मेंढरं राखावीत माणसानं. मापात कशाला पडावं?"

आणि लांबनं, बारीक, बिरप्पाचा आवाज. "मी काठी लावून मोजलाय की आबा. दोनदा मोजलाय."

बस. तेवडंच.

कुंडलिक टपावरनं खाली उतरला. "आता बिरप्पा तिला पाठवत न्हाय पुण्याला," म्हणाला आणि जीपच्या पायरीवर बसला. गठ्ठ्याला उदबत्ती लावणारा माणूस. पैज पार इसरला व्हता.

माझ्या पोटातलं हसू कुटं गेलं काय म्हाईत. मी केबल धरली आणि हिसका मारून उपटली.

"आबा, ऐका, चूक कागदाची न्हाय, माझी हाय! ओव्हर!"

नुसती खरखर. परत बोललो. खरखर. आणि तवा माझ्या टाळक्यात परकाश पडला. केबल काडली म्हणल्यावर ह्या मळ्यातनं कुटं काय पोचणार? कागदावर शून्य हाय की! खरं सांगायचं तर बांधावर चडायला पायजे.

पस्तीस फूट म्हंजी काय ते बिरप्पाला इचारू नका, मला इचारा. सेट पाठीवर, पोट पुढं, पायाखाली मुरूम घसरायलाय. कुंडलिक खालनं वरडला, "बैठक सुरू हुईल बे, पळ!" माथ्यावर पोचलो तर छाती भात्यासारखी. बाभळीला टेकलो आणि बटन दाबलं.

"आबा... चन्नवीर बोलतोय... मी बांधावर एरियल बांधून केबल खाली नेली व्हती. पैज जिंकायला. आता काडली. खाली शून्यच हाय. बिरप्पाचा बांध बरोबर हाय. पोरीचा कागद बरोबर हाय. गाडव मी हाय. ओव्हर."

मग आबा, एकदम सावकाश. "असं का. मग आता खाली जावा आणि तितनं बोला."

खाली गेलो. बोललो. वर आलो. "ऐकू आलं का, ओव्हर?"

"न्हाय आलं. परत जावा. खात्री पायजे."

तीनदा, बाबांनो. तीनदा वर-खाली केलं आबांनी मला. तिसऱ्या खेपंला वर आलो तर तिकडनं आख्ख्या खोलीचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात बिरप्पाचं सगळ्यात मोठ्यानं. आबा म्हणाले, "बैठकीत सांगतो. दहाच्या दहा. मुंबईला लिवायची गरज न्हाय."

संध्याकाळी कारखान्यावर गेलो तर पायरीवर मायाक्का. मी मान खाली घालून हुबा राहिलो.

"मला तवाच कळलं व्हतं मामा," ती म्हणाली.

"तवाच?"

"माझा हिशेब चुकला असता तर दोन आला असता, तीन आला असता. शून्याच्या जागी एकदम नऊ? एवडी मोठी चूक आपोआप होत न्हाय. तिला माणूस राबावा लागतो."

"मग आबांना सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर ते म्हणले असते, पोरगी सारवासारव करायलीया. केबल तुमच्या हातात व्हती की."

बिरप्पा मागनं आला. मला वाटलं आता काठी पडती. त्यानं खिशातनं तंबाखूची पिशवी काडून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "सोमवारी सकाळच्या गाडीनं पोरगी पुण्याला चाललीया. रविवारी मोकळी हाय. आमी सगळेच येतो सात रस्त्यावर."

रविवार उजाडूच नये असं मला वाटत व्हतं, पण उजाडला. पाचाला स्टुलावर चडलो. बायकोनं, निंगव्वानं, सोता तारेचं एरियल माझ्या डोक्याला बांधलं, आणि लई मनापासनं आवळलं. सात रस्त्यांवरनं माणसं गोळा झाली. रिक्षा थांबल्या. एका हमालानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवून आदी रांगंत नंबर लावला.

सारजाबाई पयली. डावा कान धरून पिळला. "ठेसन लाव. बाजारभाव."

"वांगी, सोलापूर मार्केट," मी घसा खाकरून म्हटलं, "सारजाबाईची सगळ्यात ताजी."

"आवाज वाढव की मुडद्या!" म्हणून तिनं उजवा पण पिळला. मी बोंबललो. तेवड्यात तिची पाच किलो वांगी खपली.

मग हमालानं बातम्या लावल्या. दोन शाळकरी पोरींनी कीर्तन लावलं. गिरणीतल्या एका कामगारानं तेलुगू ठेसन मागितलं. मला येतंय तेवडं, म्हंजी शिव्या, ऐकवल्या. गर्दी फुटंस्तोवर हसली. आबांनी जीपमदनं उतरून हवामान लावलं आणि जाताना आवाज अगदी बारीक करून गेले. बिरप्पा आला. कान इतका हळू धरला की मला गुदगुल्या झाल्या. म्हणाला, "धनगरी ओवी." मी माझ्या भसाड्या गळ्यानं सुरू केली, तर दोन ओळींतच त्यानं कान सोडून दोन्ही हातांनी सोताचे कान झाकले.

मायाक्का आली तवा माझे दोन्ही कान टोमॅटोसारखे झालेले. "कुटलं ठेसन लावू बाई?" मी इचारलं.

"काई नको," ती म्हणाली. "तुमी जरा गार व्हा, मामा. सेट तापलाय." आणि तिनं पदर भिजवून माझ्या कानांवर ठेवला. आख्ख्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

मी कुंडलिककडं बघितलं. वेळ बघायचं काम त्याच्याकडं व्हतं. सहाला पाचच मिनिटं कमी, आणि रांग पार पोलीस चौकीपर्यंत गेलेली.

"झालं की न्हाय बे?" मी वरडलो.

कुंडलिकनं रांगंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सावकाश घड्याळ काडून खिशात टाकलं.

"पुढचा या," म्हणाला.