भिंगरीच्या वॉकरचा जोड

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. पण उशाशी ठेवायची, वीज गेली की चाचपडत शोधायची ती टॉर्च नव्हे. मी वेल्डिंगची टॉर्च. माझ्या तोंडात टंगस्टन नावाच्या कणखर धातूची कांडी बसवलेली असते. तिच्या टोकापासून कामापर्यंत विजेची ठिणगी पेटते, आणि त्या ठिणगीभोवती माझ्याच तोंडातून आर्गॉन नावाचा वायू हळूच वाहत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. वितळलेल्या धातूला बाहेरची हवा लागू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. अंघोळीनंतर बाळाला टॉवेलात गुंडाळतात ना, अगदी तसं.

माझी पहिली वर्षं एका मोठ्या कारखान्यात गेली. तिथलं मशीन ऐटबाज होतं. पायाखालचं पेडल दाबलं की वीज कमी-जास्त व्हायची. पुढे माझ्या मुठीला तडा गेला आणि मला भंगाराच्या ढिगात टाकलं. तिथे एक बाई आली. तिने मला उचललं, माझ्या नळीतून फुंकर मारून पाहिली आणि म्हणाली, "जीव आहे हिच्यात."

ती आत्या. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ती फाटकं, टेबलं, जाळ्या दुरुस्त करायची. भाचीने आत्या म्हणायला सुरुवात केली आणि मग अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणू लागली. तिने माझ्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळली, मानेवर वायू सोडायची छोटी चावी बसवली आणि मला आपल्या साध्या रॉडच्या वेल्डिंग मशीनला जोडलं. पेडल नाही, बटण नाही. ठिणगी पेटवायची तर आगकाडीसारखं घासायचं. जोडा विजोड होता, पण संसार चालला.

लोखंडाशी माझं छान जमायचं. लोखंड तापलं की लाल होतं, आपण थांबतो. पातळ ॲल्युमिनियमचं मात्र काही खरं नसतं. ते लालबिल होत नाही. त्याच्या अंगावर एक अदृश्य, चिवट साय असते. आत सगळं पाणी पाणी झालं तरी साय तशीच उभी राहते, आणि मग एका क्षणात भसकन खाली पडते. उरतं नुसतं भोक. म्हणून आत्या त्या कामाला सहसा नाहीच म्हणायची.

पण एका दुपारी तिला नाही म्हणता आलं नाही.

आत्याची भाची चार वर्षांची होती. तिचे पाय जन्मापासून अशक्त. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण वॉकर हातात आला की ती घरभर गरगर फिरायची. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचा तो वॉकर म्हणजे तिचे पायच. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेचा पहिला दिवस होता, आणि तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "मी चालत जाणार. कडेवर नाही." त्या दुपारी उंबऱ्यावर आपटून वॉकरचा डावा पाय जोडापाशी तुटला. भिंगरी तोंडावर पडली. हनुवटी सोलवटली, तरी रडली नाही. "काही नाही झालं," म्हणाली. ती नेहमी तेच म्हणायची.

तिची आई, म्हणजे आत्याची वहिनी, तुटलेला वॉकर घेऊन धावतच शेडमध्ये आली. मागून आजी आली, भिंगरीला कडेवर घेऊन.

"ताई, जमेल ना?" वहिनीने विचारलं. "नवा यायला महिना लागेल म्हणतात. तोवर पाय आखडतील तिचे. व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, खंड पडू द्यायचा नाही."

आत्याने नळीचं टोक बोटांत धरून पाहिलं. "कागद आहे नुसता."

"म्हणजे नाही जमणार?"

"मी असं म्हटलं का?"

"आणि जोडलं नि तिच्या अंगाखाली परत मोडलं तर?"

"वहिनी, तू अजून दहा प्रश्न विचार, मी तोवर चहा पिऊन येते."

"बरं बाई, गप्प बसते नणंदबाई!" वहिनी म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. नणंदबाई आलं की समजायचं, पारा चढलाय.

आजी भिंगरीला घेऊन अंगणाच्या पलीकडे बसली. आत्या कामाला लागली. तिने तुटक्या नळीत घट्ट बसेल असा दुसऱ्या नळीचा तुकडा आतून सरकवला, म्हणजे जोडाला आधार राहील. फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला तारेचा ब्रश काढून दोन्ही टोकं चकचकीत घासली, पुसली. मग मशीनच्या तारा उलट जोडल्या. साध्या मशीनवर ती साय फोडायची तर असंच करावं लागतं, पण त्यामुळे बराचसा ताप कामावर न जाता माझ्यावर येतो. माझ्या तोंडात तिने सगळ्यात जाड कांडी बसवली. शेवटी आर्गॉनच्या टाकीवरचा काटा पाहिला आणि ओठ चावला. काटा तळाला टेकत आला होता.

जोडाशेजारी तांब्याची पट्टी ठेवून आत्याने त्यावर मला घासलं. ठिणगी पेटली. ती अलगद उचलून नळीवर आणली. साय फुटली, खाली धातू आरशासारखा चमकला. एक टाका बसला, दुसरा बसला, तिसराही. मी मनात म्हटलं, जमतंय.

वहिनी पाठ करून दारात उभी होती. तिला धुराचा वास आला. दार उघडं होतं, तेवढ्याने तिचं समाधान होईना. नणंदेच्या छातीत हा धूर जातोय, एवढंच तिच्या डोक्यात आलं. शेडला एक खिडकी होती, कित्येक वर्षं कुणी न उघडलेली. वहिनीने दोन्ही हातांनी झडप ओढली. बिजागरी निखळली आणि झडप तिच्या हातात आली. बाहेरचा वारा थेट टेबलावर धावून आला.

माझा आर्गॉन कुठल्या कुठे उडाला! ठिणगी फुरफुरली. चमकता धातू डोळ्यांदेखत काळा पडला, जळक्या पावासारखा भोकाभोकांचा झाला.

आत्याने मला झटक्यात वर उचललं, डोळ्यांपुढची काळी काच वर सारली. "खिडकी कुणी उघडली?"

वहिनीच्या हातात झडप होती, त्यामुळे उत्तराची गरजच नव्हती. तरी ती म्हणाली, "मी. धूर कोंडला होता. तुझ्यासाठीच गं..."

"हवा हवीच, पण पाठीमागून! जोडावरून नाही! विचारायचं तरी होतंस!"

"तू बोलू तरी देतेस का? प्रश्न विचारला की चहा प्यायला निघतेस!"

"भांडण उद्यावर ठेवा," पलीकडून आजीचा आवाज आला. "पोरीचं काय ते आज बघा."

आत्याने काळा भाग कानशीने घासून काढला. आधीच कागदासारखी नळी तिथे आणखी पातळ झाली. ती सावकाश म्हणाली, "आता एकदाच. भोक पडलं तर परत लावायला इथे काही उरणार नाही. आणि वायूही नाही."

झडप काही केल्या बसेना. पुठ्ठा लावला, तो उडून गेला. पत्र्याच्या भिंतीत खिळा ठरेना. मग वहिनी घरात गेली आणि एक जाड सुती पांघरूण घेऊन आली. "मी धरून उभी राहते."

"हात भरून येतील."

"येऊ देत."

"आणि मान वळवायची नाही. ठिणगीने डोळे जातील. काहीही झालं तरी बघायचं नाही."

मित्रांनो, वहिनी म्हणजे झोपलेल्या लेकीचा श्वास चालू आहे ना हे तीनतीनदा उठून बघणारी बाई. तिला सांगितलं, बघू नकोस! ती खिडकीसमोर उभी राहिली, हात फाकवून पांघरुणाची टोकं चौकटीवर दाबली आणि आमच्याकडे पाठ केली. दार मोकळं होतं, धूर तिकडून जात होता.

ठिणगी पुन्हा पेटली. ह्या वेळी आत्या श्वाससुद्धा हळू घेत होती. थेंबभर धातू, पुढे. थेंबभर धातू, पुढे. सगळा ताप माझ्या अंगात उतरत होता. मुठीवरची चिकटपट्टी मऊ पडली, तिचा जळका वास सुटला. नळीवरचा वितळलेला धातू असा थरथरत होता की वाटायचं, आत्ता खाली पडेल. ॲल्युमिनियम गप्प. ते काही सांगतच नव्हतं.

अर्धा जोड झाला होता. तेवढ्यात पांघरुणाचं खालचं टोक सुटलं. बारीकशी झुळूक आली, इतकी बारीक की आत्याच्या कपाळावरच्या घामालाही कळली नाही. मला कळली, पण मी कुणाला सांगणार?

"ताई, आवाज बदलला!" वहिनी पाठमोरीच ओरडली. "फुरफुरतंय. खालून येतोय का वारा?" आणि उत्तराची वाट न बघता तिने गुडघ्याने ते टोक पत्र्यावर दाबलं.

झुळूक थांबली. ठिणगी स्थिर झाली. दुखलं तरी न सांगणाऱ्या लेकीची आई ती, तिचे कान तयारच होते.

शेवटचा थेंब बसला आणि आत्याने ठिणगी विझवली. पण मला हलवलं नाही. जोडावरच धरून ठेवलं. तो निवेपर्यंत उरलासुरला आर्गॉन माझ्या तोंडातून हळूहळू वाहत राहिला. मग सूं आवाज बारीक होत होत थांबला. टाकी संपली.

"झालं का?" वहिनीने विचारलं. मान वळवली नव्हती.

"झालं. सोड हात."

जोड देखणा नव्हता. मुंग्यांच्या रांगेसारखा, कुठे जाड, कुठे बारीक. वहिनीने तो बोटाने चाचपला. आत्याने वॉकरवर वाळूची गोणी ठेवली. दोघी वाकून कान देऊन बसल्या. काही कुरकुरलं नाही. गोणी काढून वहिनीने स्वतः दोन्ही हात टेकले आणि अंग सोडून दिलं. एकदा, दोनदा. मग डावीकडे झुकून.

"पुरे कर गं," आजी दारातून म्हणाली, "जोड टिकला, आता तूच मोडशील त्याला."

त्या दिवसात पहिल्यांदा वहिनी हसली. मग पाठ फिरवून तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर गेला डोळ्यांत." आत्याने धुराबद्दल एक शब्द काढला नाही.

सकाळी भिंगरी शेडमध्ये आली. वॉकरच्या जोडावर बोट ठेवून तिने आत्याला विचारलं, "ह्याला दुखतंय का?"

"विचार त्यालाच," आत्या म्हणाली.

वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आणि तुला गं? तुला कुठे दुखतंय?"

भिंगरीने जरा विचार केला. "हनुवटी," ती म्हणाली. "कालपासून."

वहिनीने तिला जवळ घेतलं, हनुवटीवर फुंकर घातली आणि सोडलं. कडेवर नाही घेतलं. मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होते. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत होते, मग अंगणात, मग गल्लीत. टप्, आणि पावलं. टप्, आणि पावलं. आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत एकदाही अडला नाही.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्याकडे पेडलवालं नवं मशीन आलं, नवी टॉर्चही आली. मी खिळ्यावर लटकते. माझ्या तोंडात कोळ्याने घर केलंय आणि नळीला घडी पडून चीर गेली आहे. शेजारच्या खिळ्यावर तो वॉकर आहे. भिंगरीची उंची वाढली, तिला मोठा वॉकर लागला. ह्याच्यावर धूळ बसली आहे. जोड मात्र तसाच आहे.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कधी ह्या शेडमध्ये आलात तर आम्हाला खाली उतरवा. मला पुसा, नळी सरळ करून ठेवा, तोंडाला टोपण लावा. वॉकर धुऊन एखाद्या छोट्या मुलाला द्या, कारण पाय अशक्त असलेली मुलं अजून जन्माला येतात आणि त्यांनाही कडेवर जायचं नसतं. पण देण्याआधी जोडावर वजन टाका आणि कान देऊन बसा. तो काही बोलत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. एकदा विचारा.